पांढरं अ‍ॅनिमोन दुर्मीळ नाही, आजारी आहे

‘पांढरंशुभ्र अ‍ॅनिमोन ही दुर्मीळ जात, म्हणून महाग’ असा मेसेज सध्या फिरतोय. (अ‍ॅनिमोन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पाळला जाणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी.) कृपया त्यावर विश्वास ठेवू नका. बबल-टिप जातीच्या अ‍ॅनिमोनच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. अ‍ॅनिमोनचा तपकिरी रंग आणि बरंचसं अन्न तिथूनच येतं. प्रवासाचा ताण, अपुरा उजेड किंवा तापलेलं पाणी यांमुळे हे शैवाल गेलं की जीव पांढरा पडतो, म्हणजे अर्धपोटी जगतो. विकत घेताना तोंड बघा. ते घट्ट मिटलेलं हवं; सैल, उघडं पडलेलं असेल तर घेऊच नका. घरी आणलंच असेल, तर एकदम प्रखर दिवा नको. उजेड हळूहळू वाढवा, दोन-तीन दिवसांआड नखाएवढा कोळंबीचा तुकडा द्या. रंग परतायला कित्येक महिने लागतात.