नवगावचं कब्रस्तान : एका फॉरवर्डला उत्तर

अलिबागजवळच्या नवगावच्या ज्यू कब्रस्तानाचा फोटो लावून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : हे लोक इंग्रजांबरोबर आले, दगडांवरची लिपी कुणालाच कळत नाही, थडगी दोन हजार वर्षांची असल्याचं सिद्ध झालंय, आणि सगळे इस्राएलला गेल्यामुळे जागा बेवारस आहे. इंग्रजांबरोबर आलेल्यांची थडगी दोन हजार वर्षांची कशी, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

आधी इंग्रजांचं बघू. मिशनरी सार्टोरियस याने १७३८ मध्येच सुरत-राजापूरकडच्या बेने इस्राएलांविषयी (कोकणातल्या या मराठी ज्यूंचं हेच नाव) लिहून ठेवलंय : जवळ बायबल नाही, हिब्रू येत नाही, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी म्हणतात. त्या काळी अलिबागेत आंग्र्यांचा अंमल होता. कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केलं ते १८४० मध्ये. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे हे लोक उलट कोकणातून इंग्रजांच्या मुंबईत गेले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते. त्यांना सामाजी हसाजी असंही म्हणत. इंग्रजांबरोबर आलेला माणूस ‘दिवेकर’ आडनाव कुठून आणेल?

लिपीचं म्हणाल, तर कोकणातल्या बेने इस्राएल कब्रस्तानांत जरा वाकून बघा. वरती हिब्रूची ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरं, अर्थ ‘येथे पुरले आहे’. खाली कितीतरी दगडांवर सरळ देवनागरीत मराठी : नाव, बापाचं नाव, पेणकर किंवा रोहेकर. शाळकरी पोरगंही वाचेल.

दोन हजार वर्षांचा दावा मात्र प्रेमापोटी केला जातो, म्हणून तो खोडताना जीवावर येतं. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथेच पुरलं, ही समाजाची परंपरा आहे. इ.स.पूर्व १७५ च्या सुमाराचा काळ हा याच समाजातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला अंदाज. त्या काळाचा लेख नाही की नाणं नाही. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय दोन्ही वंशांचे धागे सापडले, पण त्यावरून थडग्याचं वय निघत नाही. परंपरा म्हणून सांगा, ‘सिद्ध झालंय’ म्हणू नका.

बेवारस? १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं गेली, हे खरं. पण ज्यू धर्मात कबर कायमची असते. काही वर्षांनी ती उकरून दुसऱ्याला जागा देत नाहीत. इस्राएलहून आजही लोक नवगावला येतात. फुलांऐवजी कबरीवर खडा ठेवायची त्यांची रीत आहे. तेव्हा गवतात एखाद्या दगडावर बारका खडा दिसला, तर तो लाथेने उडवू नका.