'एक जुना सांगलीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

बारावीनंतर नगररचना शिकायची असेल तर काय करायचं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याच्याखाली 'एक जुना सांगलीकर' या नावानं एक प्रतिक्रिया आली. तिथंच दोन ओळींत उत्तर देणार होतो पण लिहायला लागलो आणि वाढत गेलं, म्हणून इथं टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया अशी:

"लेखक महाशयांनी सांगली रेल्वेच्या खिडकीतून बघितलेली दिसते. नकाशात रंग भरायला शिकायला चार वर्षं आणि लाखो रुपये कशाला? आमच्या गल्लीतला सिव्हिल डिप्लोमावाला पोरगा ऑटोकॅडवर दोन दिवसांत करून देतो. शिकून सांगलीत नोकरी कुठाय ते आधी सांगा. आराखडे बदलतात मुंबईत आणि पूर येतो अलमट्टी धरणानं, त्यात तुमची डिग्री काय करणार? आणि प्लॅनिंगचा पेपर दोन-ए नाही, दोन-बी असतो. एवढं तरी तपासायचं."

आधी चूक मान्य करतो. जेईई मेनमध्ये आर्किटेक्चरचा पेपर दोन-ए आणि प्लॅनिंगचा दोन-बी, मी उलटं लिहिलं होतं. एका पोराचा फॉर्म चुकला असता तर पाप माझ्या डोक्यावर आलं असतं. धन्यवाद, मनापासून.

पण आता त्याच चुकीवरनं एक सांगू का? दोन-ए मध्ये चित्रकला असते. दोन-बी मध्ये नसते! गणित, अ‍ॅप्टिट्यूड आणि प्लॅनिंगवरचे प्रश्न, झालं. म्हणजे जो कोर्स तुमच्या मते रंग भरण्याचा आहे त्याच्या प्रवेश परीक्षेत पोरांना साधी पेन्सिल पण चालवावी लागत नाही. तुम्ही माझी चूक दाखवलीत आणि त्याच वाक्यात तुमचंच म्हणणं पाडलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता ती खिडकी. साहेब, तुमचं वय मला माहीत नाही, नावात 'जुना' आहे म्हणून अहोजाहो करतोय. माझं बालपण सांगलीच्या गावभागात गेलं. २००५ च्या पुरात मी दहावीत होतो, आम्ही तीन दिवस माळ्यावर बसून काढले, भडंगाचा एक डबा आणि आजीची औषधं एवढंच वर नेता आलं होतं, खाली वडलांच्या दुकानाच्या वह्या तरंगत होत्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं, कारण घरात पावसाळाभर दुसरा विषयच नसायचा. २०१९ ला तेच पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी पुण्याहून निघून जेमतेम कराडपर्यंत पोचलो आणि पुढं रस्ताच नव्हता. आईचा फोन लागत नव्हता. तर खिडकीबिडकीची भाषा माझ्याशी करू नका. टीका करा की, लेख टाकलाय तो त्यासाठीच, पण ओळखपाळख नसताना पहिल्याच वाक्यात माणसाला परका ठरवायचं आणि स्वतः मात्र टोपणनावामागं बसायचं, ही कुठली पद्धत? सांगलीची तरी नाही.

असो. मुद्द्यावर येतो. 'नकाशात रंग भरणं.'

हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय. नातेवाइकांकडनं, सिव्हिलच्या मित्रांकडनं, एकदा तर ज्या ऑफिसात नोकरीला होतो तिथल्या साहेबांकडनं. रंग असतात, नाही म्हणत नाही. राहण्याची जागा पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, सार्वजनिक वापर लाल, बागा मैदानं हिरवी. हे शिकायला दोन दिवस पण नको, दहा मिनिटं पुरे. पण कुठल्या घराला कुठला रंग द्यायचा हे ठरवायला माणूस त्या घरापुढं जाऊन उभा राहावा लागतो. नगररचनेच्या एम.टेक.च्या पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला पुण्यातल्या एका पेठेत सोडलं, हातात बेसमॅप (रंग न भरलेला मूळ नकाशा), पायात चपला. एका वाड्यात खाली साड्यांचं दुकान, वर मालक राहतो, मागच्या खोलीत शिकवणी आणि जिन्याखाली एक चांभार बसतो, गेली तीस वर्षं. आता रंग कुठला? मी पिवळा दिला. सरांनी एवढंच विचारलं की चांभार कुठं गेला? नकाशावर तो नसेल तर उद्या रस्ता रुंद करताना त्याचा विचार कोण करणार? तुमच्या गल्लीतल्या पोराला हा प्रश्न पडतो का बघा. त्याच्यावर माझा राग नाही हां, मीही आधी सिव्हिलच केलंय, सांगलीतच. ऑटोकॅड मलाही येतं.

आणि हे मी काही नवं सांगत नाही. पॅट्रिक गेडीस म्हणून एक स्कॉटिश गृहस्थ १९१४ ला भारतात आले, मूळचे जीवशास्त्राचे, पुढं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग १९१९ ला सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली. त्यांचा आयुष्यभर एकच धोशा, आधी पाहणी मग आराखडा. इंदूरला प्लेग होता आणि लोक ह्यांना टरकून होते, हा साहेब घरं पाडायला आलाय म्हणून. तर ह्या माणसानं संस्थानाकडनं एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं, दिवाळीची मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा राक्षस आणि उंदीर, आणि मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार? तर जिथं लोकांनी सगळ्यात जास्त घरं झाडून दुरुस्त करून ठेवलीत तिथनं. अख्खं गाव साफ करायला लागलं. ह्यात रंगपेटी कुठं आली सांगा.

माझा प्रबंध सांगलीतल्या गुंठेवारीवर होता. वसाहतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वडलांनीही तसाच दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता, शेतजमिनीचे तुकडे, स्टॅम्पपेपरवर नोटरी, ज्यानं विकला त्यानं 'वीस फुटी रस्ता' म्हणून चुन्याची फक्की मारून दाखवली होती. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, मग विकास शुल्क भरून प्लॉट नियमित झाला. कागद नियमित झाला म्हणा, रस्ता अकरा फुटीच राहिला, कारण प्रत्येकानं पायरी आणि तुळशीवृंदावन पुढं सरकवलेलं. हे मला कसं कळलं? टेप घेऊन घरोघरी फिरलो म्हणून. पहिल्या दिवशी एक मावशी दारातनंच ओरडल्या, "काय ओ, पाडायला आलाय काय?" चौथ्या दिवशी त्याच चहा देत होत्या. आणि त्यांच्या सासऱ्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. म्हणाले, ही गल्ली आहे ना, हितनं ओढा जायचा, आम्ही म्हशी धुवायचो. ओढा बुजवून त्यावर प्लॉट पाडलेले. दर जुलैला पहिलं डबकं तिथंच साठतं आणि लोक गटारवाल्याला शिव्या देतात. (२०१९ ला पाणी सगळीकडंच आलं, तेव्हा तो पूर ओढा बुजवल्यानं आला असं मी म्हणत नाहीये, लगेच पकडू नका.)

वर्गात शिकवतात ते हे. पुढच्या वीस वर्षांत माणसं किती होतील याचा अंदाज तीन-चार पद्धतींनी काढायचा आणि आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत ते बघायचं. पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची लाल, आणि त्या दोन्हींच्या मधे ज्याचं घर आहे त्याला काय सांगायचं. आराखड्यात एखाद्याच्या जागेवर शाळेसाठी आरक्षण टाकलं, महापालिकेनं दहा वर्षं ती जागा घेतलीच नाही, तर मालक एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण गेलं, शाळा पण गेली. मग नुसतं आरक्षण टाकून काय उपयोग, पैसा कुठनं येणार, हे आधी मांडायला लागतं. १९६६ च्या ह्याच एमआरटीपी कायद्यात प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकतीसाठी ३० दिवस मिळतात, त्या ३० दिवसांत तुम्ही कितीदा नकाशा बघायला गेलात? विचारतोय फक्त. नंतर कट्ट्यावर बसून 'वाट लावली शहराची' म्हणायला सगळेच असतात.

दोन दिवसांत करतो म्हणे. सांगली, मिरज, कुपवाड, तिन्ही मिळून १९९८ ला एक महापालिका झाली, २०११ ला पाच लाखांवर माणसं होती. एका टोकाला हळदीचा बाजार, दुसरीकडं मिरजेचं जंक्शन आणि दवाखाने, वर कुपवाडची एमआयडीसी, खाली कृष्णा. पाठवा त्या पोराला, दोन दिवस देतो, चहा-नाष्टा माझा.

नोकरीचं म्हणाल तर नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल काढून वाचा. देशात १२ हजारांवर नगररचनाकार लागतील, मंजूर पदं चार हजारांच्या आत आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. रिकामी म्हणजे भरतच नाहीत असं तुम्ही म्हणाल. म्हणा. सांगलीत किती, ते मी मोजलेलं नाही. माझं स्वतःचं विचाराल तर मिरजेत छोटं ऑफिस आहे आणि घर चालतं ते लेआउट मंजुरी आणि झोन दाखल्यांवर (जमीन कुठल्या वापरात येते त्याचा दाखला), शहराच्या आराखड्यावर नाही, हे पण लपवत नाही. पण तो वेगळा विषय झाला.

मुंबईत आराखडे बदलतात वगैरे, त्यावर काय बोलणार, ते जगजाहीर आहे आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. अलमट्टीवर तर मी मुळीच बोलणार नाही, ते एकदा सुरू झालं की रात्र पुरत नाही.

शेवटचं. घरी ही प्रतिक्रिया वाचून दाखवली तर बायको म्हणाली, एवढं लागायला काय झालं, त्यांनी नोकरीचं विचारलंय ते बरोबरच आहे की. तिचं माहेर साताऱ्याचं, तिला सांगलीचं काय एवढं कळणार, असं मी म्हणालो नाही. मनात आलं.

मूळ लेखात दोन-ए चं दोन-बी केलंय. खाली 'चूक लक्षात आणून दिल्याबद्दल एका वाचकाचे आभार' असंही टाकलंय. रात्री रागात ती ओळ काढली होती, सकाळी परत टाकली.