तीन बॉल उचलले म्हणजे फुप्फुस पास? थांबा जरा

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, या महिन्यात चौथ्यांदा. मजकूर थोडक्यात असा: "तीन बॉलवालं मशीन घरी आणा, तिन्ही बॉल वर गेले की फुप्फुस १०० टक्के ठणठणीत, उलटं धरून फुंकलं की बाहेर सोडायच्या हवेचंही माप कळतं, ऑक्सिमीटर ९५ च्या वर असेल तर पीएफटी करूच नका, जोरात फुंकून फुप्फुसं कमजोर होतात आणि लॅबवाले लुटतात." मी त्याच लुटारूंपैकी एक. ऐरोलीत राहते, वाशीला पीएफटीची, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या टेस्टची, टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांवर "फुंका फुंका, अजून अजून अजून, थांबू नका" असं ओरडून संध्याकाळी माझाच आवाज बसतो.

पहिलं म्हणजे ते बॉल. खोक्यावर स्पायरोमीटर लिहिलेलं असतं म्हणून सगळा घोळ, पण ते व्यायामाचं साधन आहे, ऑपरेशननंतर माणसाने खोल श्वास घ्यावा म्हणून देतात. त्यात हवा आत ओढायची असते. मशीनवर बारीक अक्षरात ६००, ९००, १२०० असे आकडे असतात बघा, ते सेकंदाला किती मिली हवा ओढली त्याचे. आणि दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांची खरी अडचण असते हवा बाहेर सोडताना. आत घेताना छाती फुगते तशा श्वासनळ्याही ताणून मोकळ्या होतात, जोरात सोडताना मात्र छातीतला दाब त्याच नळ्यांना बाहेरून दाबतो. संध्याकाळी ठाणे स्टेशनला दोन लोकल एकदम आल्या की पुलावर काय होतं? मागून कितीही ढकला, माणसं त्याच वेगाने बाहेर पडणार. अरुंद झालेल्या नळीचं अगदी तसंच, ठराविक वेगाच्या पुढे जोर लावून उपयोग नाही, आणि आम्ही मोजतो तो नेमका हाच वेग.

मग उलटं धरून फुंकलं तर? हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. बॉल वर जातात हो, जाणारच. पण हिशोब करा ना. तिसरा बॉल १२०० मिलीला वर जातो, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. धडधाकट मोठ्या माणसाच्या फुंकरीचा सगळ्यात जास्त वेग पीक फ्लो मीटरवर मिनिटाला साधारण ४०० ते ६०० लिटर येतो, उंची, वय, बाई की पुरुष यावर कमीजास्त. आता समजा एखाद्याचा नेहमीचा ४५० आहे आणि दम्याचा जोर होऊन तो २०० वर आला, म्हणजे निम्म्याहूनही खाली, डॉक्टर याला गंभीर म्हणतात. तो माणूसही हिशोबाने तिन्ही बॉल आरामात उडवेल आणि ग्रुपवर अंगठा टाकेल.

शिवाय बॉल क्षणभर उडाला की झालं, किती वेळात किती हवा निघाली ते तो सांगत नाही. आमच्याकडे खेळ सगळा वेळेचा. पूर्ण छाती भरून घ्यायची, एकदम सोडायची आणि सोडतच राहायची, छाती रिकामी होईपर्यंत. एकूण किती निघाली ते एफव्हीसी, पहिल्या सेकंदात किती निघाली ते एफईव्ही-१. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका, रबाळे एमआयडीसीत आयुष्य गेलं, रोज सकाळी गॅलरीत तीन बॉल उचलून दाखवायचे. टेस्टला एकूण ३ लिटर निघाली पण पहिल्या सेकंदात फक्त दीड, म्हणजे ५० टक्के. पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं तरी जवळपास तेवढंच. पंपानंतरही ७० च्या खाली राहिलं की डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात. काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

ऑक्सिमीटरचं पटकन सांगते. दम्याचा माणूस ॲटॅक नसताना ९८ दाखवतो, सीओपीडीतही बराच काळ आकडा चांगलाच राहतो, खाली येतो तोवर पुष्कळ नुकसान झालेलं असतं.

जोरात फुंकून फुप्फुसं कमजोर होत नाहीत. चक्कर येऊ शकते, म्हणून तर हात असलेल्या खुर्चीत बसवतो. नुकताच हार्ट ॲटॅक आलाय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, खोकल्यातून रक्त येतंय तर आधी सांगा, टेस्ट पुढे ढकलतात.

राहिला लुटायचा मुद्दा, तर इथे मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. एकदाच फुंकायला लावून रिपोर्ट हातात देणारेही आहेत आणि तो कागद रद्दीतच जातो. निदान तीन नीट फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एफईव्ही-१ मध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, नसेल जमत तर परत फुंकायचं, म्हणून तर आम्ही ओरडतो. रिपोर्टवरचा ग्राफ बघा, सुरुवातीला टोकदार शेंडा आणि मग उतार हवा. शेंडा गोलमटोल असेल तर फुंकर बहुतेक अर्ध्या मनाने मारलेली. मशीनला ३ लिटरच्या सिरिंजने रोज तपासता का हेही बिनधास्त विचारा, खरं काम करणाऱ्याला राग येत नाही.

आणि येताना पोटभर जेवून येऊ नका, पंप आधी किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि काकू, कवळी घरी काढून ठेवू नका, सैल नसेल तर असू दे तोंडात, ओठ नळीवर घट्ट बसतात.