समुद्रकिनारी सुट्टी, पैठणमार्गे

शेजारचं कुटुंब गणपतीपुळ्याला जाऊन आलं, त्यांनी स्टेटसला लाटा टाकल्या आणि तेव्हापासून तुमच्या घरात तुमच्याशी कुणी धड बोलत नाही. साहजिक आहे. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि आठांपैकी एकाच्याही वाट्याला समुद्र नाही. वाटपाच्या त्या बैठकीलाही आपला माणूस उशिरा पोचला असणार. पण म्हणून रात्रभर गाडी हाकून, घाटात पोरांच्या उलट्या निस्तरत कोकणात उतरायची काय गरज? पैठण आहे ना. छत्रपती संभाजीनगरातून निघालात की तास-दीड तासात किनारा.

किनारा म्हणजे कसा, तर जायकवाडी धरणाची जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, 27 दरवाजे आणि भरलेल्या वर्षी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलेलं पाणी. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं आणि जलाशयाला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर हे नाव मिळालं. पलीकडचा काठ दिसत नाही. तो दिसत नसला की समुद्र म्हणून फोटो टाकायची सूट कुणालाही आहे. मागची बाभळ आणि पाण्यात बसलेल्या म्हशी तेवढ्या फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिकडं चंद्र दिवसातून दोनदा पाणी चढवतो, उतरवतो आणि त्यासाठी त्याला कुणी निवेदन देत नाही. आपली भरती कागदोपत्री येते. 2005 च्या कायद्यात पाण्याचं समन्यायी वाटप आलं, त्यावर मेंढेगिरी समिती बसली आणि सूत्र ठरलं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली सोडायचं. ऐकायला किती सोपं! मग बैठक होते. आदेश निघतो. वरच्यांचं आंदोलन होतं, ते का झालं म्हणून खालच्यांचं होतं. मग उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च न्यायालय. 2023 साली 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबर सरता सरता निघाला आणि पाणी हलायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. त्यातलंही काही वाटेतल्या कोरड्या पात्रानं पिऊन टाकलं. तेव्हा सहलीचा दिवस ठरवताना कालनिर्णय राहू द्या, सुनावणीची पुढची तारीख बघा.

ओहोटीचं तसं नाही. ती बिनबोभाट येते. पाणी उथळ, पसारा मोठा आणि वर आपलं ऊन. बाष्पीभवनाला स्थगिती मिळाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

याचा एक फायदा मात्र कोकणाला कधीच मिळणार नाही. तिथला किनारा बिचारा असतो तिथंच असतो. आपला दर महिन्याला लांब पळतो. दिवाळीत गाडीतून उतरलात की पाणी. एप्रिलमध्ये गाडीतून उतरलात की माळ, माळामागं भेगाळलेली जमीन, तिच्यामागं काहीतरी चमकतं ते पाणी. फिरायला याहून ऐसपैस किनारा कुठं मिळणार? फक्त काठाजवळ जपून चाला. वरचा थर वाळून पापड झालेला दिसतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत गाळ आणि चप्पल आतच राहते. शिंपले वेचायचेत? भरपूर आहेत. गोड्या पाण्यातले, काळपट, आतून किंचित मोतिया. पोरांनी पिशवी भरली तर भरू द्या, गाडीत वास सुटला की आपोआप टाकतील.

चालता चालता एक गोष्ट दिसेल, जी मुरुड-हरिहरेश्वरला शोधूनही सापडत नाही. ऐन किनाऱ्यावर गहू, हरभरा, टरबुजाचे वेल. ही गाळपेर. पाणी मागं सरकतं तशी माणसं पुढं सरकतात आणि उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. त्या वावरात एखादे आजोबा भेटतील. त्यांना ‘बाबा, ही जमीन तुमचीच का?’ असं चुकूनही विचारू नका. विचारलंत तर ते काठी उचलून दाखवायला लागतील: ‘हितं हिर होती आमची. त्या तिकडं मारुती. त्याच्या पल्याड वाडा.’ तुम्हाला काठीच्या टोकाला नुसतं पाणी दिसेल आणि सेल्फीची वेळ निघून जाईल. तरी शासनाची दानत बघा. जमीन धरणात गेली त्यांना पाणी हटल्यावर गाळपेरीसाठी प्राधान्यानं जमीन मिळते, एका हंगामापुरती, भाडेपट्ट्यानं. नशीब जोरावर असेल तर स्वतःचीच. आपल्याच वावरात भाडेकरू म्हणून राहण्याचा असा अनुभव कुठल्याच रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये नाही.

आता मासेमारी. ऑनलाइन मागवलेली रीळवाली काठी आणि कान झाकणारी टोपी असल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नका, मासे गंभीरपणे घेत नाहीत. गळाला गांडूळ लावा किंवा कणकेची गोळी. कणकेत हळद घालावी की हिंग, यावर तुमच्या मेव्हण्याचं मत असेल. असू द्या. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, पाणी जलसंपदा खात्याचं आणि मासा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत. म्हणून गळ टाकण्याआधी परवानगी नेमकी कुणाची घ्यायची हे ठरवण्यातच ऊन चढतं. ऊन चढलं की मासे खोल जातात. त्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही.

खरी मासेमारी बघायची असेल तर उजाडताना पोचा. भोई मंडळी संध्याकाळी लावलेली जाळी काढून थर्माकोलच्या तराफ्यावर परत येत असतात. तराफ्यावर मांडी घालून, हातातल्या फळकुटानं पाणी मारत. जाळं काठावर पसरलं की जवळ जाऊन बसा. चिलापी सोडवताना ते आधी तिच्या पाठीवरचे काटे तळव्यानं शेपटीकडे दाबतात, मग अंगठ्यानं कल्ल्याजवळचा धागा सैल करतात. एवढं करूनही बोटं सोललेली असतात ती असतातच. धरणात बीज सोडलं जातं कटला-रोहू-मृगळाचं आणि जाळ्यात निघते ती चिलापी. तिचं बीज कुणी आणून सोडावं लागत नाही, एकदा शिरली की तीच जागा धरते. (मासेमारीचा ठेका घेणाऱ्या गुत्तेदारांविषयी इथं काही लिहिणार नाही.)

‘मामा, आज काय घावलं?’ असं विचारा.

‘चिलापीच हाय समदी. तुमास्नी कटला पायजे का? हाय येक. पर पैशे रोख.’

घ्या. भाव करू नका. मग तो कटला दोन्ही हातांत धरून, हात सरळ कॅमेऱ्याकडे लांब करून फोटो काढा. असा धरलेला मासा दुप्पट दिसतो. धरणाचे आकडेही असेच धरतात: एकूण साठा 102 टीएमसी म्हणताना हात पुढं, त्यातले 26 मृतसाठ्याचे, म्हणजे तळाशी अडकलेले, म्हणताना आवाज खाली.

हिवाळ्यात गेलात तर रोहित पक्षी दिसतील. ते लांबून बघा, ढोल वाजवून जवळ बोलावू नका. पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्याकडं रिवाजानं भिंतीकडं धावतात. खाली पात्रात पाणी वाढतं, 2006 साली ते पैठणात शिरलं होतं, पण वरून दिसणारं दृश्य छान असतं हे कबूल करायला हवं. जेवायला तळलेला मासा, भाकरी, ठेचा. तक्रारीला जागा नाही.

सोबत लातूरचे पाहुणे असतील तर त्यांना काठावर एकटं सोडू नका. 2016 च्या एप्रिलात त्यांचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. पाणी रुळांवरून येतं, पोलीस बंदोबस्तात येतं, अशी त्या माणसांची समजूत झालेली. ते असं उघड्यावर पडलेलं बघून त्यांना भरून येतं, आणि मग ते कॅन शोधायला लागतात.

संध्याकाळी घरी याल तेव्हा पायाला गाळ, डिकीत कटला आणि नळाचा वार हुकलेला. शहराचं पाणी याच धरणातून येतं. तुम्हाला यायला दीड तास लागला, त्याला आठवडा लागतो. त्याच्याकडं गाडी नाही, एवढाच काय तो फरक. मासा फ्रीजरला टाका आणि टँकरवाल्याला फोन लावा. ‘साहेब, उद्या सकाळी बघू, आज लाइन मोठी हाय,’ असं तो सांगेल. वेळ असेल तर टँकर कुठून भरतो तेही विचारा. जायकवाडीचंच पाणी हाय, एकदम गोड, असं छातीठोक सांगेल आणि मग दर सांगेल.