मासा जगला म्हणजे पाणी निर्धोक आहे का?

हायड्रिलाचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि उन्हात ठेवल्यावर एकामागून एक वर चढणारे प्राणवायूचे बुडबुडे. वनस्पतिशास्त्र शिकवताना हा प्रयोग मी वर्षानुवर्षे करून घेतला. एकदा विद्यार्थ्यांनी शहराच्या खालच्या अंगाला नदीतून आणलेले पाणी नीट गाळून एका चंचुपात्रात वापरले. दुसऱ्यात नेहमीचे पाणी होते. नेहमीच्या पाण्यातले बुडबुडे मोजताना मुलांची धांदल उडत होती, आणि नदीच्या पाण्यातला पुढचा बुडबुडा कधी येतो याची वाट पाहावी लागत होती. त्याच पाण्याची तपासणी करून घेतली, तेव्हा मोजलेला एकही घटक मर्यादेबाहेर निघाला नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपण प्रत्येक प्रदूषक सुटा मोजतो आणि वनस्पतीला मात्र सगळे एकत्र सोसावे लागतात. उसात आणि मक्यात वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन घ्या, किंवा उसातलेच मेट्रिब्युझिन. ही दोन्ही तणनाशके प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीतील एकाच जागी अडथळा आणतात, म्हणून पानाच्या दृष्टीने ती दोन वेगळी विषे नसून एकाच विषाची वाढलेली मात्रा असते. अशी एकाच पद्धतीने काम करणारी दहा द्रव्ये प्रत्येकी आपापल्या घातक मात्रेच्या दहाव्या हिश्शाने पाण्यात असतील, तर अहवालात दहाही रकाने निर्धोक दिसतात आणि वनस्पतीवर मात्र पूर्ण घातक मात्रेचा परिणाम होतो.

त्यात सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिसळले की सूक्ष्म शैवाल माजते, पाणी हिरवे-गढूळ होते आणि तळाशी उजेड पोहोचत नाही. म्हणजे पाण्याच्या तळाशी रुजणाऱ्या ज्या व्हॅलिस्नेरिया या वनस्पतीची अन्न तयार करण्याची क्षमता तणनाशकाने आधीच घटवलेली असते, तिच्या वाट्याचा प्रकाशही जातो. मिश्रणाचा परिणाम नेहमी वाढतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कठीण पाण्यातील कॅल्शियम काही धातूंचे शोषण कमी करते आणि कुजलेल्या पाल्यातील सेंद्रिय द्रव्ये तांब्याला बांधून ठेवतात. पण म्हणूनच सुट्या आकड्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा ते मिश्रण प्रत्यक्ष वनस्पतीवर तपासणे गरजेचे ठरते.

जलपर्णी फोफावलेली पाहून पाणी वनस्पतींना मानवते, असे कोणी म्हणू नये. तिची पाने हवेत असतात, प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड तिला वरून मिळतो. व्हॅलिस्नेरियाचे फितीसारखे पातळ पान मात्र पूर्ण बुडालेले असते आणि पाण्यात जे विरघळले आहे ते सर्व अंगाने घेते. तिचे मादी फूल स्प्रिंगसारख्या लांब देठावर पृष्ठभागावर येते, नर फुले तळाशी सुटून वर तरंगत येतात आणि परागण झाल्यावर तो देठ पुन्हा वेटोळे घेत फळाला खाली ओढून नेतो. हे मी पूर्वी विद्यार्थ्यांना नदीकाठी बसून दाखवत असे. आता त्या ठिकाणी ती वनस्पती मला सापडत नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत नदी-तलावांत सोडायच्या सांडपाण्यासाठी तांब्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅम आणि जस्ताला ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या लेम्नासारख्या चिमुकल्या वनस्पतीची वाढ लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी तांब्यानेही खुंटते. नदीत मिसळल्यावर ते विरळ होते, हे उत्तर पावसाळ्यात चालेल. पण उन्हाळ्यात शहराखालच्या नदीत बहुतांश सांडपाणीच वाहत असते. त्याच अनुसूचीत संपूर्ण सांडपाण्याची एक जैविक चाचणी आहे, ही चांगली गोष्ट आहे. निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मात्र प्रकाशसंश्लेषण रोखणारे द्रव्य माशाला चार दिवसांत मारणार नाही.

माशांच्या जोडीला लेम्नाची चाचणी सक्तीची करावी, एवढीच माझी मागणी आहे. तिची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ पासून ठरलेली आहे. टिकलीएवढ्या पानांची ही वनस्पती चांगल्या पाण्यात अडीच दिवसांच्या आत दुप्पट होते. दूषित पाण्यात पाने पिवळी पडतात, मुळे आखूड राहतात आणि संख्या वाढत नाही. काचेची भांडी, दिवे, सात दिवस आणि चिकाटीने पाने मोजणारी माणसे एवढ्यावर ही चाचणी होते, आणि हे आपल्या कोणत्याही पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमण्यासारखे आहे.