लॉ स्कूलसाठी कॉलेज निवडताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. त्यातला एक मुद्दा मला मान्य करावाच लागणार होता, आणि तो नीट मान्य करायचा होता.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत वकील व्हायचं तर साधारणपणे आधी चार वर्षांचं कॉलेज आणि मग तीन वर्षांचं लॉ स्कूल करावं लागतं. 'लॉ स्कूलला जायचं असेल तर कॉलेजच्या नावाला काहीही किंमत नाही,' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. हा सल्ला मुलांची दिशाभूल करणारा आहे, असं तुम्ही म्हणालात. येल-हार्वर्डच्या लॉ स्कूलमधली मुलं कुठल्या कॉलेजांतून येतात ते एकदा बघा, अवघड कॉलेजातल्या 'बी प्लस'चं मोल प्रवेश समितीला कळतं, आणि पैशापायी मोठं नाव सोडायला सांगणं हा भित्रेपणा आहे, असे तुमचे तीन आक्षेप. तुमच्या मुलीला एका नामांकित खासगी कॉलेजात आणि तुमच्या राज्याच्या विद्यापीठातल्या ऑनर्स कॉलेजात (निवडक मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात), दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख, १ मे, तोंडावर आलीय. आणि तिला पुढे पब्लिक डिफेंडर व्हायचंय, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मांडायची आहे.

आधी माझी चूक. 'काहीही किंमत नाही' हे मी लिहायला नको होतं. नावाजलेल्या कॉलेजात अर्जाला मार्गदर्शन करणारी माणसं जास्त असतात, आधी त्या वाटेने गेलेले विद्यार्थी फोनवर भेटतात, वर्ग लहान असतील तर शिफारसपत्र लिहिणारा प्राध्यापक मुलाला खरोखर ओळखत असतो. हे सगळं उपयोगी पडतं. ते वाक्य मी मूळ लेखात दुरुस्त केलंय.

पण मोठ्या लॉ स्कूलच्या वर्गात ठरावीक कॉलेजांची मुलं जास्त दिसतात, यावरून कॉलेजने त्यांना तिथे पोचवलं असं म्हणता येत नाही. सतराव्या वर्षी प्रवेश परीक्षेत अव्वल येणारी मुलंच त्या कॉलेजांनी वेचून घेतलेली असतात. तीच मुलं एकविसाव्या वर्षी एलसॅटमध्येही, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेतही, पुढे असतात. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट मेम्फिसच्या ऱ्होड्स या छोट्या कॉलेजातून नॉत्र दामच्या लॉ स्कूलला गेल्या, असं मी म्हणू शकते. पण एका उदाहरणाने तुमचंही सिद्ध होत नाही आणि माझंही, म्हणून ते बाजूला ठेवू.

खरा वाद 'बी प्लस'चा आहे.

अमेरिकन बार असोसिएशन, म्हणजे लॉ स्कूलना मान्यता देणारी वकिलांची संघटना, तिच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी आपल्या नव्या वर्गाचे आकडे जाहीर करावे लागतात. त्यात एलसॅट आणि जीपीए (कॉलेजातल्या श्रेणींची सरासरी; 'ए'चे ४, 'बी'चे ३, 'सी'चे २) या दोन्हींचा मीडियन असतो, म्हणजे गुणांनुसार रांग लावली तर मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा आकडा. क्रमवारी लावणारेही हेच मीडियन वापरतात. २०२३ पासून यू.एस. न्यूजने त्यांचं वजन बरंच कमी केलं, तरी ते शून्य झालेलं नाही. त्या मीडियनमध्ये कॉलेजचं नाव कुठेच नसतं. अवघड कॉलेजातला ३.६ आणि सोप्या कॉलेजातला ३.६ तिथे सारखेच मोजले जातात. तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, कारण एलसॅक (एलसॅट घेणारी आणि अर्ज लॉ स्कूलकडे पाठवणारी संस्था) अर्जासोबत जो अहवाल पाठवते त्यात त्या कॉलेजच्या इतर अर्जदारांच्या तुलनेत ही मुलगी कुठे आहे तेही दिसतं, आणि चांगली समिती ते बघते. पण बघून समजून घेणं वेगळं आणि मीडियन खाली ओढणारा आकडा वर्गात घेणं वेगळं. प्रिन्स्टनने २००४ मध्ये 'ए' श्रेणी साधारण ३५ टक्क्यांवर रोखण्याचं धोरण आणलं होतं. 'आमची कडक श्रेणी जगाला कळेल' या भरवशावर तिथले विद्यार्थी निश्चिंत राहिले नाहीत, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाने ते धोरण सोडलं.

जीपीएबद्दल आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. कॉलेजने छापलेला जीपीए लॉ स्कूलकडे जसाच्या तसा पोचत नाही. एलसॅक तो स्वतः नव्याने काढते. 'ए प्लस'ला ४.३३ धरते. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात केलेले, क्रेडिट मिळालेले विषय त्यात येतात. एखादा विषय पुन्हा देऊन कॉलेजने जुनी श्रेणी हिशोबातून काढली, तरी ती गुणपत्रकावर दिसत असेल तर एलसॅक दोन्ही मोजते. आणि पहिली पदवी हातात पडली की हा आकडा बंद होतो. नंतर एमए करा, काहीही करा, तो हलत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. मी एका मोठ्या नावाच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले होते. पहिल्या वर्षी चारशे मुलांच्या वर्गात, ठरलेल्या टक्क्यांत श्रेणी वाटणाऱ्या तीन विषयांत मला 'सी' मिळाला. मग मी इतिहासाकडे वळले आणि मन लावून शिकले. पण हिशोब मांडून बघा: १२० क्रेडिटपैकी १२ क्रेडिटना 'सी' आणि उरलेल्या सगळ्या १०८ ना 'ए' मिळाला, तरी जीपीए ३.८ वरच थांबतो. आज बऱ्याच नामवंत लॉ स्कूलचा मीडियन ३.९ च्या आसपास किंवा वर आहे. अठराव्या वर्षीच्या त्या तीन महिन्यांबद्दल मी पुढे अर्जात अख्खं पान स्पष्टीकरण लिहिलं. तुमच्या मुलीवर तशी वेळ येऊ नये, एवढंच मला मनापासून वाटतं.

एलसॅटचं तसं नाही. १२० ते १८० गुणांची ती परीक्षा पुन्हा देता येते. आयुष्यात सात वेळा, त्यातही चालू पाच वर्षांच्या मुदतीत पाच वेळा, आणि लॉ स्कूल आपल्या मीडियनसाठी सर्वांत चांगला गुण धरतात. ऑगस्ट २०२४ पासून त्यातला 'लॉजिक गेम्स' हा कोड्यांचा भाग गेला. आता सगळा भर युक्तिवाद तपासण्यावर आणि कठीण उतारे वाचण्यावर आहे. त्यामुळे जिथे तिला भरपूर वाचायला आणि लिहायला लावतील ते कॉलेज चांगलं. विषय कोणताही चालतो. बार असोसिएशन कुठल्याच विषयाची शिफारस करत नाही, तेव्हा 'प्री-लॉ' पाटी कुठे आहे हे शोधण्यात वेळ घालवू नका.

आता पैसा. तुम्ही याला भित्रेपणा म्हणालात, आणि तिथे माझं तुमच्याशी जुळत नाही. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचा उरलेला सगळा खर्च भागवणारं सरकारी कर्ज, बंद केलं. लॉ स्कूलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर एवढंच. कित्येक खासगी लॉ स्कूलची नुसती ट्यूशन वर्षाला ७०,००० च्या वर आहे. वरची रक्कम खासगी बँकेकडून घ्यायची, तर बहुतेक वेळा जामीनदार म्हणून सही तुम्हाला करावी लागेल. कॉलेजच्या चार वर्षांसाठी पालकांच्या नावावर मिळणाऱ्या पॅरेंट प्लसलाही आता वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. पब्लिक डिफेंडरचा पगार मोठ्या फर्मच्या वकिलाच्या पगाराच्या जवळपासही नसतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना ज्या कामासाठी तिने हा रस्ता धरला तेच काम आधी सुटतं. मी ओळखत असलेल्या दोघींचं असं झालंय. दोघीही हुशार होत्या आणि दोघींनाही ते काम मनापासून हवं होतं.

शिवाय येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड फक्त गरज बघून मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्ती मुख्यतः एलसॅट आणि जीपीएवर ठरते. म्हणजे कॉलेजातला चांगला जीपीए पुढे लॉ स्कूलची फीसुद्धा कमी करतो.

यातलं काहीही 'राज्याचं विद्यापीठच घ्या' असं सांगत नाही. खासगी कॉलेज घरची मिळकत बघून इतकी मदत देत असेल की तेच स्वस्त पडतंय, तर बिनधास्त तिथे जाऊ द्या. ऑनर्स कॉलेज फक्त नावाला असेल आणि पहिली दोन वर्षं शेकडोंच्या वर्गात बसायचं असेल, तर मीही कचरेन. दोन्हीकडे जाऊन विचारा: पहिल्या वर्षीच्या लेखनाच्या वर्गात किती मुलं असतात? तो प्राध्यापक शिकवतो की पीएचडी करणारा विद्यार्थी? लॉ स्कूलचे सल्लागार पदवीनंतरही अर्ज बघून देतात का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण आजकाल बरीच मुलं मध्ये एक-दोन वर्षं नोकरी करून मग अर्ज करतात. आणि मुलीला एक दिवस एकटीला वर्गात बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

दोन्ही कॉलेजांकडून आलेली आर्थिक मदतीची पत्रं नाव-पत्ता खोडून मला ईमेलने पाठवलीत, तर कॉलेज आणि लॉ स्कूल मिळून सात वर्षांचा खर्च मी मांडून देईन. शनिवारपर्यंत पाठवा, म्हणजे १ मेच्या आधी तुम्हा दोघांना तो शांतपणे बघता येईल.