दुभंगलेलं पान म्हणजे आपटाच, असं नाही

दसऱ्याच्या तोंडावर बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: कुंडीत आपोआप उगवलेलं रोप, टोकाशी दुभंगलेली पानं, खाली मजकूर, ‘हा आपटाच, उपटू नका.’ उपटू नका हे ठीक, पण तशी पानं कांचनालाही येतात.

पान हातात घेऊन बघा. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. पाठ करडसर, बोट फिरवलं तर लव लागते. कांचनाचं पातळ, पूर्ण वाढलं की १०-१५ सेंटिमीटर, चांगलं तळहाताएवढं. अगदी खालची बीजपत्रं, म्हणजे बी रुजताना येणारी पहिली दोन पानं, दुभंगलेली नसतातच, त्यांच्यावरून काही ठरवू नये.

शेंगांचाही विचार करा. कांचनाच्या शेंगा वाळल्या की तडकून बिया दूर उडतात; आपट्याच्या न फुटता महिनोन्महिने झाडावरच लोंबतात. त्यामुळे न लावता उगवलेलं रोप बहुधा कांचनाचंच. आसपास फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी भरणारं झाड असलं, तर शंकाच नको.

फोटोतली पानं मला तरी पातळ नि मोठी वाटतात, म्हणजे कांचन. सोनं म्हणून वाटा खुशाल. दसऱ्याच्या बाजारात कांचनाच्या डहाळ्या आपटा म्हणून सर्रास खपतात.